मज्जातंतूच्या मागावर : वरळीची प्रयोगशाळा आणि पनवेलची गावे

नेऱ्याचे शांतिवन पनवेलकरांना नव्याने सांगायला नको. माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कुष्ठरोग निवारण समितीचे हे आवार तालुक्यातल्या बहुतेकांनी निदान बाहेरून तरी पाहिलेले असते. वरळीच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’चे नाव मात्र पनवेलात क्वचितच कुणी घेत असेल. तरीही २००९ साली कुष्ठरोगाला वाहिलेल्या ‘लेप्रसी रिव्ह्यू’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधावर या दोन्ही संस्थांच्या माणसांची नावे शेजारीशेजारी आहेत, आणि त्या निबंधातला ग्रामीण महाराष्ट्र म्हणजे आपला पनवेल तालुका आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू तपासणारी एक मुंबईची संस्था आपल्या गावांच्या उंबऱ्यापर्यंत कशी आली, त्याचा हा इतिहास.

स्मरणिकेतल्या संस्थेच्या इतिहासात साधारणपणे कोनशिला, विश्वस्तांची यादी, इमारतीचे मजले आणि देणगीदारांचे फोटो असतात. त्या गोष्टींना त्यांचे महत्त्व आहेच. पण या संस्थेच्या बाबतीत तो मार्ग धरला तर हाती फारसे काही लागणार नाही. वरळीत आर. जी. थडानी मार्गावर तिची जागा आहे आणि १९७५ मध्ये तिची स्थापना झाली, एवढ्यावर तो मजकूर संपेल. या संस्थेचा खरा इतिहास एका प्रश्नाचा आहे : मज्जातंतू मरतो कसा, कधी, आणि मरण्याआधी त्याला गाठता येते का?

कुष्ठरोग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कातडी येते. चट्टा, गाठी, झडलेली बोटे. वास्तविक हा आजार आधी मज्जातंतूंचा आणि मग कातडीचा. नॉर्वेच्या आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू शरीरातले थंड भाग पसंत करतो आणि मज्जातंतूंभोवती वेटोळे घालून बसलेल्या श्वॅन पेशींमध्ये घर करतो. मज्जातंतूत शिरणारा असा दुसरा जीवाणू वैद्यकाला माहीत नाही. जिथे मज्जातंतू कातडीच्या जवळून जातो, तिथे तो आधी सापडतो. कोपराच्या आतल्या बाजूला धक्का लागला की हातभर झिणझिण्या येतात ती नस; गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने हाडाला वळसा घालून जाणारी; घोट्याच्या मागची; मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूने तर्जनीकडे उतरणारी. पहिली गेली की करंगळी आणि अनामिका वाकून आखडतात. दुसरी गेली की पाऊल उचलता येत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो. तिसरी गेली की तळव्याला काहीच कळत नाही. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही आणि उघड्या डोळ्यात धूळ जाऊन दृष्टी जाते.

जंतू बोटे खातो ही समजूत चुकीची आहे. चुलीवरचे भांडे चिमट्याशिवाय उचलले, हात भाजला, पण कळले नाही. चपलेत खडा राहिला आणि दिवसभर त्याच पायाने शेतात वावरले. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली आणि मग बोट आखूड होत गेले. दुखणे ही किती मोठी देणगी आहे हे या रुग्णांकडे पाहिल्यावर कळते. म्हणजे विकृती टाळायची तर मज्जातंतू वाचवायला हवा. ही गोष्ट आज सांगायला सोपी वाटते; काही दशकांपूर्वी ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरून हळूहळू उमगत गेली.

डॉ. नोशिर होरमसजी अंतिया यांना ती तशीच उमगली. १९२२ मध्ये जन्मलेले अंतिया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे. पुढे इंग्लंडमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते प्लास्टिक सर्जरी शिकले. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना ज्यांनी नवे नाक-ओठ दिले, ते हे गिलीज. पन्नाशीच्या दशकात मायदेशी परतल्यावर अंतियांचे काम सुरू झाले ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात. इंग्लंडहून शिकून आलेल्या सर्जनने कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया कराव्यात, हे त्या काळी अनेकांना पचणारे नव्हते. गिलीज यांनी उपदंशाने बसलेल्या नाकासाठी काढलेली पद्धत अंतियांनी कुष्ठरोगाने बसलेल्या नाकासाठी वापरली. भुवया झडलेल्यांना डोक्यावरच्या केसाळ कातडीची पट्टी रक्तवाहिनीसकट खाली आणून भुवया दिल्या. कानाच्या कडेचा गेलेला भाग भरून काढण्याची त्यांची १९६७ मधली पद्धत आजही जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत ‘अंतिया-बुच’ या नावाने शिकवली जाते. ही युक्ती आता कर्करोगाच्या किंवा अपघाताच्या कानांवरही चालते.

१९५८ मध्ये जे. जे. रुग्णालयात टाटांच्या देणगीतून प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा राहिला. अंतिया त्याचे प्रमुख. तिथल्या वॉर्डात त्यांनी कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांच्या शेजारची खाट दिली. सर्वसाधारण रुग्णालयाच्या दारातूनच ज्यांना परत पाठवले जाई, त्यांना दाखल करून घेणे हीच मोठी गोष्ट होती. माझ्या मते त्यांच्या सगळ्या शस्त्रक्रियांपेक्षा हा निर्णय धाडसाचा होता, कारण त्यात सहकाऱ्यांचीही भीती मोडायची होती.

त्याच सुमारास दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड वाकलेल्या बोटांवर स्नायूबंध फिरवण्याच्या शस्त्रक्रिया करत होते. चांगल्या स्नायूची दोरी सोडवून लुळ्या बोटाला जोडायची आणि रुग्णाला नव्याने बोट हलवायला शिकवायचे. हात पुन्हा भाकरी थापू लागे, कोयता धरू लागे. पण त्या हाताला तवा गरम आहे हे अजूनही कळत नसे. हालचाल परत आणता येत होती, संवेदना नाही. शस्त्रक्रिया कितीही कौशल्याची असली तरी ती शेवटच्या स्थानकावर पोचलेल्या माणसासाठी होती, आणि मधली स्थानके कुणी पाहिलेली नव्हती. सर्जनने प्रयोगशाळा काढण्याचे कारण हे होते.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा भक्कम होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, १९४९ मध्ये वरोऱ्याला बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती, मुंबईत वडाळ्याचे एकोणिसाव्या शतकातले ॲकवर्थ रुग्णालय. आपले शांतिवन याच घराण्यातले. या संस्थांनी रुग्णाला आसरा दिला, काम दिले, माणूस म्हणून उभे केले. फाउंडेशनने त्यात शोधाची बाजू जोडली. सेवा आणि शोध यांच्यात आपल्याकडे उगाच एक अढी असते. सेवेतल्या माणसांना उंदरांवरचे प्रयोग परके वाटतात, आणि शास्त्रज्ञांना आश्रम भाबडे वाटतात. पनवेलमध्ये ही अढी सुटली, म्हणून हा इतिहास लिहावासा वाटला.

आता प्रयोगशाळेत शिरू. वरळीत मज्जातंतूंच्या अभ्यासाची धुरा अनेक वर्षे डॉ. वनजा शेट्टी यांनी सांभाळली. अभ्यासासाठी मज्जातंतूचा तुकडा लागतो, आणि तो जिवंत माणसाकडून घ्यायचा तर रुग्णाचे नुकसान होता कामा नये. मनगटाजवळून तर्जनीकडे जाणारी एक बारीक संवेदी फांदी त्यासाठी निवडली गेली. तिचा छोटा तुकडा काढला तर हाताच्या पाठीवर थोडीशी जागा बधिर होते, कामात अडथळा येत नाही. तो तुकडा औषधात मुरवतात, ऑस्मियमच्या द्रावणाने तंतूंवरचे स्निग्ध आवरण काळे करतात, मग ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दोन बारीक सुयांनी एकेक तंतू अलगद सोडवतात आणि काचपट्टीवर शेजारी शेजारी मांडतात. केसापेक्षा कितीतरी बारीक, काळपट, ठरावीक अंतरावर खाच असलेला धागा. सुई जरा जास्त टेकली की तंतू तुटतो. एका रुग्णाच्या शेकडो तंतूंसाठी हे करायचे. या कामाला यंत्र नाही. लागतो तो स्थिर हात आणि चिकाटी.

त्या खाचांमधले अंतर सारा इतिहास सांगते. निरोगी जाड तंतूत ते लांब असते. तंतू एकदा मरून पुन्हा उगवला असेल तर सगळी अंतरे आखूड, पण सारखी. फक्त आवरण गळून पुन्हा आले असेल तर एक अंतर लांब, पुढचे आखूड, पुन्हा लांब. म्हणजे तुकडा पाहून सांगता येते की या नसेत मार तंतूच्या गाभ्याला बसला की आवरणाला, आणि शरीराने दुरुस्ती केली की नाही.

दुरुस्ती होते, ही या विषयातली आशेची बाजू. इंग्लंडच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दाखवून दिले की मज्जातंतू तोडला की तोडीच्या पलीकडचा भाग सडून जातो. मेंदू आणि मणक्यातल्या तंतूंचे काम तिथेच संपते. पण हातापायांच्या मज्जातंतूंत अलीकडचे टोक पुन्हा वाढू लागते. वेग ठरलेला : दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपराजवळ तुटलेल्या नसेला करंगळीच्या टोकापर्यंत जायला सव्वा वर्ष लागते. तिथवर जाण्याची वाट श्वॅन पेशी राखून ठेवतात. मेलेल्या तंतूचा कचरा उपसून त्या रांगेत उभ्या राहतात आणि नव्या टोकाला पुढे घेऊन जातात. शेताचा पाट काही महिने कोरडा राहिला तरी पुन्हा पाणी सोडता येते, पण तो गाळाने बुजला तर मोट कितीही ओढा, पाणी शेतात पोचत नाही. या वाटेचेही तसेच. वर्ष-दीड वर्ष उलटले की वाट आकसते, स्नायू वाळतो आणि मग कितीही कुशल सर्जन आला तरी फार काही हाती लागत नाही.

पनवेलकरांना हे अपघातांवरून जास्त कळेल. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुरू होतो, मुंबई-गोवा महामार्ग इथूनच फुटतो, आणि मोटारसायकलवरून पडून खांद्यातल्या नसांचा गुंता ओढला जाणे हा तरुणांच्या अपघातांतला नेहमीचा प्रकार आहे. हात खांद्यापासून लुळा होतो. अशा वेळी पोटरीतली एक संवेदी नस काढून पूल बांधतात, किंवा शेजारच्या चांगल्या नसेची एखादी फांदी लुळ्या स्नायूकडे वळवतात. केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली. पहिल्या सहा महिन्यांत ही शस्त्रक्रिया झाली तर कोपर वाकवता येण्याची आशा चांगली. ‘आधी मालिश करून पाहू’ म्हणत वर्ष घालवले तर ती आशा झपाट्याने ओसरते. हे अवांतर झाले, पण एखाद्या घरात उपयोगी पडेल.

कुष्ठरोगातली जखम मात्र अशी एका क्षणात झालेली नसते. ती वर्षानुवर्षे चालू असते, आणि गोम अशी की वाट राखणाऱ्या श्वॅन पेशींमध्येच शत्रू बसलेला असतो. फाउंडेशनच्या लोकांनी हाच गुंता धरला. १९८० मध्ये ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात अंतिया, वनजा शेट्टी आणि सहकाऱ्यांनी तर्जनीच्या त्या फांदीचा अभ्यास मांडला. आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या मज्जातंतूत काय दिसते, हा विषय. बाहेरून नस जाड झालेली नाही, रुग्णाची काही तक्रार नाही, आणि आत मात्र तंतूंमध्ये बदल सुरू झालेले. रुग्णाला कळण्याच्या कितीतरी आधी नुकसान चालू झालेले असते, ही गोष्ट इथे डोळ्यांनी दिसली.

१९८५-८६ मध्ये डॉ. रमा मुखर्जी आणि अंतिया यांनी उंदराच्या मज्जागंडिका (मज्जापेशींचे पुंजके) काचेच्या बशीत वाढवल्या, त्यांतल्या श्वॅन पेशींत जंतू सोडले आणि त्यांचे परस्परांशी वागणे कसे असते ते पाहिले. हा जंतू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर वाढत नाही, म्हणून अशा वाटा शोधाव्या लागतात. दुसरी वाट उंदराच्या तळव्याची. तिथे टोचलेला जंतू दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. निकालासाठी सहा महिने ते वर्षभर थांबायचे. इतर जंतूंवर काम करणारा माणूस तेवढ्या काळात तीन निबंध लिहून मोकळा होतो. कुष्ठरोगाच्या प्रयोगशाळेत घाई करणाऱ्याचे काम नाही.

१९९२ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार, पूर्ण केलेल्या रुग्णांत कातडीतले जंतू नाहीसे झाले तरी मज्जातंतूत ते टिकून राहतात, असे शेट्टी, डॉ. मुकुंद उपळेकर, अंतिया आणि सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे चट्टा गेला म्हणून नसेकडे पाहणे थांबवायचे नाही. २००४ मध्ये माणसाच्या कुष्ठग्रस्त मज्जातंतूंमधल्या एका प्रथिनावर त्यांचा निबंध आला. तंतूच्या गाभ्यात न्यूरोफिलामेंट नावाचे सांगाड्याचे धागे असतात. त्यांच्यावर फॉस्फेटचे कण चिकटलेले असतील तर ते एकमेकांपासून लांब राहतात आणि तंतू जाडजूड राहतो. कुष्ठग्रस्त नसांत हे फॉस्फेट कमी झालेले आढळले. धागे जवळ येतात, तंतू रोडावतो आणि मग त्याच्यावरचे आवरण सैल पडून गळते. म्हणजे सुयांनी तंतू सोडवून जे अनेक वर्षांपूर्वी दिसले होते, त्याचे रसायन आता हाती आले. मधल्या काळात, १९९७ मध्ये, अंतिया आणि शेट्टी यांनी संपादित केलेले कुष्ठरोग आणि इतर आजारांतल्या मज्जातंतूंवरचे पुस्तक ऑक्सफर्डने काढले होते. या विषयावरचा तो आजही हाताशी ठेवावा असा ग्रंथ आहे.

इतर ठिकाणीही लोक झटत होते. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये परेरा, डॉ. डी. डी. पालांडे आणि सहकाऱ्यांचा एक छोटा वृत्तांत आला. रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी मारायच्या, उरलेल्या पोकळ नळ्या मज्जातंतूच्या नासलेल्या भागाच्या जागी बसवायच्या आणि त्यांतून नवे तंतू वाढू द्यायचे, अशी ती पद्धत. काही रुग्णांच्या तळव्याला संवेदना परत आली. जुनी झालेली नससुद्धा योग्य पूल मिळाला तर वाढू शकते हे त्यातून दिसले. पण प्रत्येक कुष्ठरुग्णाच्या घोट्यामागे असा पूल कोण बांधणार? ज्या आजारात रुग्णाला आरोग्यकेंद्रापर्यंत यायचीच लाज वाटते, तिथे सूक्ष्मशस्त्रक्रिया हे उत्तर थोड्यांपुरतेच राहते.

अंतियांना हे फार आधी कळले होते. म्हणून १९७५ मध्ये त्यांनी एक नव्हे, दोन संस्था काढल्या. मज्जातंतूंसाठी फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च, आणि गावांसाठी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ. दुसरीचे पहिले काम समुद्रापलीकडे आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरात झाले; तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना थोडे प्रशिक्षण दिले. त्यांनी क्षयाचे आणि कुष्ठाचे संशयित शोधून काढले, औषधे चालू ठेवली, आणि डॉक्टरांनाही जमले नसते अशा चिकाटीने घरोघर जात राहिल्या. पुढे स्थानिक हितसंबंध आडवे आले आणि तो प्रकल्प गुंडाळावा लागला. त्या प्रयोगातून निघालेले मत अंतियांनी शेवटपर्यंत सोडले नाही : लोकांचे आरोग्य लोकांच्याच हातात असले पाहिजे. जगातली बारीकातली बारीक सुई वापरणाऱ्या सर्जनने हे म्हणावे, यातला विरोधाभास वरवरचा आहे. सुईची वेळ येऊ नये म्हणून त्या बायका हव्या होत्या.

याच सुमारास देशातले चित्र पालटले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधे एकत्र द्यायची शिफारस केली. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. रुग्ण झपाट्याने कमी झाले. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठल्याचे जाहीर झाले. यश खरे होते. पण ‘दूरीकरण’ झाले म्हणजे आजार संपला, असे लोकांनी आणि दुर्दैवाने यंत्रणेतल्याही काहींनी मानले. कुष्ठरोगाचे वेगळे पथक गेले, घरोघरची पाहणी थांबली, आणि रुग्णाने स्वतःहून प्राथमिक आरोग्य केंद्रात यावे अशी अपेक्षा ठेवली गेली. नोंदवहीत कमी आकडा दिसतो तो रुग्ण कमी म्हणून, की शोधणारा कुणी नाही म्हणून? प्रयोगशाळेत बसून याचे उत्तर मिळणार नव्हते.

पनवेल तालुका इथे या कहाणीत येतो. एका बाजूला खाडी, सिडकोच्या वसाहती, कळंबोलीचे लोखंड बाजार आणि ट्रक टर्मिनस. दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याची गावे, कातकरी आणि ठाकर वाड्या, वीटभट्ट्यांवर सहा महिने स्थलांतर करणारी कुटुंबे. नऊ-दहा किलोमीटरच्या अंतरात शहर आणि वाडी. कुष्ठरोग निवारण समितीचे कार्यकर्ते ही गावे ओळखत होते आणि गावे त्यांना. फाउंडेशनकडे ऊतींची तपासणी, जंतू मोजण्याची सोय आणि नसांचा तीस वर्षांचा अभ्यास होता. एकाकडे शास्त्र, दुसऱ्याकडे गावात जाण्याचा हक्क. दोघांनी मिळून पनवेल तालुक्यातल्या ग्रामीण भागात आणि शहरी महाराष्ट्रातल्या एका ठरावीक भागात घरोघर पाहणी केली.

घरोघर पाहणी म्हणजे काय, हे ज्याने ती केली त्यालाच ठाऊक. दुपारी पुरुष कामावर, म्हणून सकाळी लवकर जायचे. कातडीवरचा फिकट चट्टा घराच्या आतल्या अंधारात दिसत नाही, म्हणून माणसाला पडवीत, उजेडात आणायचे. पाठ, दंड, नितंब पाहायचे, म्हणजे बायकांना तपासायला बाईच हवी. चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तो चट्टा इतकी वर्षे कुणी मनावर घेतलेला नसतो. मग कोपराच्या मागे बोट फिरवून नस जाड लागते का ते पाहायचे. सासू दारात उभी असते आणि सुनेच्या चट्ट्याचे कारण तिला तिथल्या तिथे सांगायचे की नाही, हा निर्णय कार्यकर्त्याला उभ्या उभ्या घ्यावा लागतो.

या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. नोंदवहीत नसलेले, आधी कुणाला न सापडलेले रुग्ण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यांत मुलेही होती, आणि मुलांमधला कुष्ठरोग ही सगळ्यांत वाईट खूण, कारण त्याचा अर्थ असा की लागण आजही चालू आहे. त्या मुलांच्या लक्षणांचा, कातडीतल्या जंतूंचा आणि ऊतींचा स्वतंत्र अभ्यास दोन्ही संस्थांच्या कार्यकर्त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शेजारच्या कर्जत तालुक्यात आणि दूर गडचिरोलीतही सरकारी कार्यक्रमाच्या विशेष शोधमोहिमांवर वनजा शेट्टी आणि सहकाऱ्यांनी निरीक्षणे मांडली. दूरीकरणानंतरचा कुष्ठरोग कसा लपतो, हे महाराष्ट्रात ज्यांनी आकड्यांनिशी दाखवले त्यांत रायगड जिल्ह्यातले हे काम अग्रभागी आहे, असे माझे ठाम मत आहे. हे निबंध इंग्रजी नियतकालिकांत गेले. ज्या गावांत ते घडले त्यांच्या ग्रामपंचायतींपर्यंत असे काम मराठीत पोचवण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही, ती पडायला हवी.

डॉ. अंतिया २००७ मध्ये गेले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. नर्गिस मिस्त्री यांच्या नेतृत्वाखाली फाउंडेशनचे लक्ष क्षयरोगाकडे, विशेषतः औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाकडे वळले. जुलाबावर पेरूच्या पानांचा काढा खरोखर काय करतो, असल्या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नांवरही तिथे नेटाने काम झाले. मज्जातंतू मागे पडले असे नाही, पण संस्थेचा तो भर राहिला नाही. संशोधन संस्थांचे असेच होते. प्रश्न बदलतात, पैसे देणारे बदलतात, माणसे निवृत्त होतात.

इतक्या वर्षांच्या कामातून दवाखान्यात वापरता येईल असे काय निघाले? उत्तर साधे आहे. मज्जातंतूला सूज येऊन सहा महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी, दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही महिन्यांत हळूहळू कमी करत, बऱ्याच रुग्णांची शक्ती आणि संवेदना परत येतात. ते ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. नायलॉनच्या पाच जाडीच्या तारा, एक पेन, डोळे घट्ट मिटायला आणि करंगळी बाजूला करायला सांगणे, एवढे पुरते. हे दर महिन्याला, औषध घेताना आणि संपल्यावरही, कुणीतरी करायला हवे. या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि ती बहुतेक ठिकाणी होत नाही. आशा कार्यकर्त्यांना ती शिकवता येते. मांडव्याच्या बायकांना कुष्ठाचे संशयित शोधायला शिकवता आले होते.

२०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८० हजार नव्या कुष्ठरुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले निम्म्याहून जास्त भारतातले होते. त्यांत महाराष्ट्राचा वाटा लहान नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटल्याचे कळत नसेल, करंगळी वाकू लागली असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शेजारच्या घरात, वीटभट्टीवर, कामाला येणाऱ्या बाईंच्या हातावर असे काही दिसले तर त्यांना सोबत घेऊन जा. औषध सहा किंवा बारा महिन्यांचे असते आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका राहत नाही, त्यामुळे घराबाहेर काढण्याचे, ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही. आणि हात किंवा पाय अचानक दुखू लागला, कमजोर वाटू लागला, तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा.